मावसभावाला पाणी मोजून देतायत, कुठे सांगायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, घरातली गोष्ट आहे आणि ओळखीचं कोणी इथे वाचत असेल तर अजून एक भांडण, पण आता रात्री झोप लागत नाहीये म्हणून लिहितेय.

माझा धाकटा मावसभाऊ, वय ३४, जन्मापासून सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी. हातपाय आखडलेले, चालता येत नाही, बोलणं फक्त सवयीच्या माणसालाच कळतं. पण समज पूर्ण आहे हो, मॅचचा स्कोअर, कोणाचा वाढदिवस कधी, सगळं तोंडपाठ. मावशी होती तोवर तीच त्याचं सगळं करायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली, काका त्याआधीच गेले होते, तेव्हापासून त्याच घरात दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, आणि वहिनी त्याला सांभाळतात. गाव सातारा जिल्ह्यात, मी पुण्यात.

गौरीगणपतीला गेले होते. आधी कधीही जा, तो पडवीत खुर्चीवर बसलेला असायचा आणि लांबूनच हाक मारायचा. ह्यावेळी आतल्या खोलीत कॉटवर. व्हीलचेअर माळ्यावर टाकलीय, का तर म्हणे जागा अडते. ओठ फुटले होते. मी तांब्याभांडं घेऊन पाजायला गेले तर वहिनी घाईने म्हणाल्या, "थोडंच द्या हो, आम्ही दुपारी एकदाच देतो, जास्त झालं की सारखं उचलावं लागतं." त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ते बघणं डोळ्यासमोरून जात नाही. दंडावर काळानिळा डाग होता, बोटं उमटल्यासारखा. दादा म्हणाला उचलताना लागलं. लागलंही असेल.

मावशीने त्याला बोलायला एक पुठ्ठा करून दिला होता, चित्रं आणि बाराखडी, त्यावर तो बोट ठेवायचा. तो पुठ्ठा "सापडत नाही". संजय गांधी निराधारचे पैसे त्याच्या खात्यावर येतात, एटीएम दादाकडे. आणि निघताना कळलं की मावशीच्या नावावरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करायचंय, त्याचा अंगठा घेणार आहेत.

आता दुसरी बाजू पण सांगायलाच हवी. वहिनी पहाटे पाचला उठतात, गोठा, दोन मुलं, मावशीचं शेवटचं आजारपण त्यांनीच काढलं, आणि ह्याचं शी-शू, अंघोळ, भरवणं सगळं त्यांच्याच गळ्यात. दादा उचलायचं तेवढं करतो. म्हणजे कोणी राक्षस नाहीयेत ते. मी इथे बसून तक्रार करायची आणि उद्या ते म्हणाले एवढं आहे तर घेऊन जा, तर मी लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते.

ह्याला अत्याचार म्हणायचं का? कोणाला सांगायचं? आणि सांगितल्यावर त्यालाच त्रास वाढला तर?

कोयनाकाठ

ताई, घरातलं घरात मिटवा. पोलीस दारात आले की गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. एखादे मामा, आत्या कोणी मोठं माणूस मधे घाला, दादाला चार शब्द सांगा. आजकाल कोण कोणाचं एवढं करतं, सांभाळतायत हेच खूप आहे. हक्कसोडपत्राचं म्हणाल तर ज्याने आयुष्यभर बघायचं जमीन त्याच्याकडे राहिली तर त्यात काय चुकलं असं मला वाटतं.

चाकावरचा

कोयनाकाठ, तुमचा हेतू वाईट नाही पण मी तुम्हाला त्या कॉटवरून काय दिसतं ते सांगतो.

मी २२ चा असताना अपघातात मानेचा मणका गेला. हे बोलून टाईप करतोय, चुका असतील. आमच्याकडे पण पाणी चार वाजल्यावर बंद. कोणी मारत नव्हतं, शिवी दिली नाही कधी. पण दर वेळी भांडं लावायला बोलावलं की एक सुस्कारा. ते सुस्कारे ऐकून ऐकून मी स्वतःच पाणी नको म्हणायला लागलो, आणि मग घरचे येणाऱ्याला सांगायचे की त्याला तहानच नसते. व्हायचं तेच झालं, लघवीत इन्फेक्शन, मग मूतखडा, मग एका रात्री १०४ ताप आणि थेट अॅडमिट.

मामा आमच्याकडे पण आले होते. भावाच्या समोर उभे राहून विचारलं, काय रे, बरं चाललंय ना? मी हो म्हणालो. रात्री दोन वाजता मला कुशीवर कोण वळवणार होतं, मामा की भाऊ? जो माणूस मला घास भरवतो त्याच्या देखत मी त्याची तक्रार करीन असं लोकांना वाटतं तरी कसं. पहिल्यांदा एकट्याला विचारलं ते हॉस्पिटलमधल्या सिस्टरनी, भावाला औषधं आणायला खाली पाठवून. दोनच मिनिटं मिळाली. मी काही न बोलता रडलो आणि त्यांना कळलं.

रानजाई, तुम्ही इथे आम्हाला विचारताय ते ठीक आहे, पण त्याला विचारलंत का? अत्याचार आहे की नाही हे त्याला माहितीये. त्याला काय हवंय हे पण त्यालाच माहितीये, ते तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा वेगळं असू शकतं. मला घर सोडायचं नव्हतं. मला फक्त पाणी हवं होतं, आणि ते मागताना अपराधी वाटायला नको होतं.

खडूफळा

चाकावरचा यांनी लिहिलंय त्यापुढे माझं लिहायला हात होत नाही, पण कामाचं थोडं सांगते. मी विशेष शिक्षिका आहे, १९ वर्षं झाली, सीपीच्या मुलांबरोबरच काम.

सगळ्यात आधी तो पुठ्ठा. हरवला म्हणजे त्याचं तोंड बंद झालं असं समजा. नवा करायला एक दुपार पुरते: जाड पुठ्ठा, वरती हो आणि नाही मोठं, घरातल्या माणसांचे फोटो, पाणी, शी-शू, दुखतंय, भीती, राग, पैसे, बाहेर जायचं, आणि खाली बाराखडी. बहुतेक लोक "भूक लागली", "झोप आली" एवढंच टाकतात, भीती आणि मारलं हे शब्दच नसतात, मग तो सांगणार कशाने? बोट स्थिर राहत नसेल तर तुम्ही एकेक ओळ दाखवायची आणि त्याने डोळे मिटून किंवा वर बघून हो म्हणायचं. मावशींबरोबर त्याची काहीतरी खूण ठरलेली असणारच, आधी ती विचारून घ्या.

भेटाल तेव्हा एकटे भेटा, आणि कारण काढून भेटा म्हणजे त्याच्यावर शंका येणार नाही. दाढी करून देते, केस कापते, काहीही. "दादा मारतो का?" असं नका विचारू, त्यावर हो पण येईल आणि नाही पण येईल. सकाळी उठल्यापासून काय काय होतं, कोण उठवतं, मग काय, असं विचारत जा. घाई करायची नाही. एका वाक्याला दहा मिनिटं लागली तर लागू देत, आणि वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, ती आपल्या सगळ्यांचीच खोड असते.

आणि लिहून ठेवा. तारीख, काय दिसलं, कोण काय म्हणालं, त्यांच्याच शब्दात. डागाचा फोटो त्याला विचारूनच काढा. पाठीला, कंबरेच्या खाली, टाचांना बघा, कॉटवर एकाच कुशीवर ठेवलं की तिथे आधी लाल होतं आणि मग जखम पडते. बघायलाही त्याची परवानगी घ्या, मोठा पुरुष आहे तो. डॉक्टरला दाखवायचं निमित्त करून वजन आणि लघवीची तपासणी झाली तर उत्तम, तब्येतीला पण आणि पुरावा म्हणून पण.

विधीमित्र_सातारा

मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीएलव्ही म्हणजे विधी स्वयंसेवक आहे, वकील नाही, पण असे अर्ज लिहून दिलेत. मोठं होईल, वाचून घ्या.

ह्याला अत्याचार म्हणायचं का, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ९२ काढा. ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीत दिव्यांग माणूस आहे त्याने जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारलं तर तो गुन्हा आहे, हे तिथे सरळ लिहिलंय. त्याच कलमात आधाराच्या साधनाच्या वापरात अडथळा आणणं पण आहे, माझ्या मते माळ्यावर टाकलेली खुर्ची त्यात बसते. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षं आणि दंड. हे घाबरवायला नाही सांगत, पण "सांभाळतायत हेच खूप" म्हणणाऱ्यांनी वाचावं म्हणून सांगतोय.

पण सुरुवात ९२ पासूनच करा असं नाही. कलम ७ जास्त कामाचं आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीतच नाही. त्यात कोणीही, म्हणजे बहीण, शेजारी, नोंदणीकृत संस्था, कोणालाही वाटलं की दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होतोय किंवा होण्याची शक्यता आहे तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवता येतं. आपल्याकडे म्हणजे तहसीलदार. साध्या कागदावर अर्ज, काय बघितलं ते तारखेसकट, आणि पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. तहसीलदारांनी ते थांबवायला लगेच पावलं उचलायची असतात, पोलिसांना किंवा संस्थेला सोडवायला सांगता येतं, त्या व्यक्तीच्या खर्चासाठी पोटगीचा आदेश देता येतो. आणि तुम्हाला जी भीती आहे त्याचं उत्तर: संरक्षणात्मक ताब्यात, म्हणजे घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवायचं असेल तर तो माणूस तशी इच्छा दाखवेल तेव्हा, असं कायदा म्हणतो. तक्रार केली म्हणून उद्या उचलून कुठल्यातरी आश्रमात टाकत नाहीत, निदान कायद्याने तरी नाही.

पोलिसांकडे गेलात तरी त्याच कलमाखाली त्यांनी तुम्हाला सांगायचं असतं की तहसीलदाराकडे जायचा हक्क आहे, जवळची संस्था कोणती, मोफत वकील मिळतो. बरेच ठिकाणी ठाण्यात हेच म्हणतात की घरगुती मामला आहे. मग कायद्याचं नाव आणि कलम कागदावर लिहून समोर ठेवायचं. जिवावर बेतलं असेल, मारहाण चालू असेल तर मात्र अर्जबिर्ज नंतर, आधी ११२.

आता अंगठा. तो ३४ वर्षांचा सज्ञान आहे. दादा त्याचा "पालक" आपोआप होत नाही, भाऊ आहे म्हणून पण नाही आणि सांभाळतो म्हणून पण नाही. सीपी, ऑटिझम, मतिमंदत्व, बहुविकलांगता ह्यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, पालक नेमते ती. नेमला तरी त्या पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब द्यायचा. छळ केला, दुर्लक्ष केलं, पैसे खाल्ले तर नातेवाईक समितीकडे त्याला काढायचा अर्ज करू शकतात. तुमच्या भावाला समज पूर्ण आहे म्हणताय, तर पालक कशाला लागेल, तो स्वतःच निर्णय घेईल, आपण फक्त त्याचं म्हणणं पोचवायचं. २०१६ च्या कायद्यात कलम १३ मधे हे पण आहे की पैशाच्या, जमिनीच्या व्यवहारात मदत करणाऱ्याचाच फायदा असेल तर त्याने त्या व्यवहारात मदतनीस म्हणून राहायचं नाही. म्हणजे ज्याच्या नावाने हक्क सोडायचा त्यानेच अंगठा धरून उठवायचा, हे बसत नाही.

आणि कोयनाकाठ, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २८ बघा, आजार किंवा व्यंग आहे म्हणून कोणाचा वारसा जात नाही. आईच्या जमिनीत त्याचा हिस्सा आहेच. त्याला समजून उमजून सोडायचा असेल तर सोडेल. पण हिस्सा सुटला की त्याचं घरातलं वजन सुटतं, हे मी चार घरांत बघितलंय.

रानजाई, तहसीलच्या अर्जात हक्कसोडपत्राचं पण लिहा, आणि जिथे दस्त होणार त्या दुय्यम निबंधक कार्यालयाला त्याच्या सहीअंगठ्याने एक लेखी पत्र द्या. मोफत वकिलासाठी १५१०० ला फोन करा, दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही.

अनामिक_कोल्हापूर

मधेच विचारते, माफ करा. आमच्या शेजारी एक मुलगा आहे, मानसिक आजार आहे, त्याला मागच्या खोलीत पायाला साखळी लावून ठेवतात. आई म्हणते पळून जातो, रस्त्यावर गाडीखाली आला तर? तिचं पण खरं आहे. ह्याला हेच लागू होतं का?

विधीमित्र_सातारा

हो, आणि शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. त्याच्या कलम ९५ मधे साखळी लावायला स्पष्ट मनाई आहे, कोणत्याही प्रकारे. कलम १०१ खाली घरात मानसिक आजारी माणसाचा छळ किंवा दुर्लक्ष होतंय असं वाटलं तर कोणीही पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि त्याने दंडाधिकाऱ्याला कळवायचंच असतं. तामिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मधे आग लागली तेव्हा बांधलेली माणसं साखळी सोडवता न आल्याने जागच्या जागी जळून गेली. त्या आईला हे सांगा, पण त्याबरोबर १४४१६ हा टेलिमानस म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर द्या आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला घेऊन जायला सोबत जा. औषध सुरू नसेल तर साखळी काढून तिने करायचं काय? नुसती तक्रार करून शेजारधर्म संपत नाही.

दोघांची_आई

मी लिहितेय ती वहिनींच्या जागेवरून. माझ्या नणंदेला मी ११ वर्षं सांभाळलं, तिला बौद्धिक अपंगत्व होतं आणि फिट्स यायच्या. मी तिला एकदा मारलंय. रात्रभर जागी होते, मुलाची परीक्षा, तिने तिसऱ्यांदा अंथरूण ओलं केलं आणि माझा हात उठला. ती ओरडली पण नाही, नुसती बघत राहिली, आणि मग माझ्याच कुशीत येऊन झोपली. हे मी नवऱ्याला पण सांगितलेलं नाही.

थकवा खरा असतो हो. तरी पाणी तोडणं चूक ते चूकच, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण वहिनींना कोणी विचारलंय का की रात्री किती वेळा उठता? मला कोणीच नाही विचारलं, सगळे यायचे, चहा प्यायचे, "बिचारीचं छान करतेस" म्हणायचे आणि जायचे. त्या मारल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या एका ताईला फक्त सकाळच्या दोन तासांसाठी पैसे देऊन ठेवलं, अंघोळीला. तेवढ्यानेच घर बदललं.

पाण्याचं म्हणाल तर पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर मिळतो मेडिकलमधे, नळी आणि पिशवी, आत काही घालायचं नसतं, रात्रीपुरता लावला तर उचलावं लागत नाही. डॉक्टर किंवा सिस्टरकडून एकदा लावायला शिकून घ्यायचं, घट्ट बसला तर जखम होते. त्याला चालणार असेल तर. निराधारचे पैसे त्याचेच आहेत ना, मग ते त्याच्या मदतनीसावर खर्च करा म्हणावं, हिशोब वहीत. २०१६ च्याच कायद्यात कलम २४ मधे जास्त मदत लागणाऱ्यांना केअरगिव्हर भत्ता द्यायचं लिहिलंय, त्यासाठी पण कोणीतरी अर्ज लिहा की. दादा उचलायचं तेवढं करतो म्हणालात, आईने ज्याला वाढवलं त्या भावाची अंघोळ दादानेच घातली तर काय होईल? हे कोणी विचारत नाही.

कोयनाकाठ

वाचलं सगळं. पोलीस शेवटीच, ह्यावर मी अजून ठाम आहे. पण मामांबद्दल लिहिलेलं डोक्यातून जात नाहीये. आमच्याकडे चुलते आहेत, पॅरालिसिस झालेले. उद्या जातो, एकट्याला भेटतो.

रानजाई

१२ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे खूप आभार, एकेक प्रतिसाद चार चार वेळा वाचला.

शनिवारी गेले. पुठ्ठा करून नेला होता, मुलीने चित्रं काढली. दाढी करायच्या निमित्ताने दार लोटून बसले. त्याने आधी काहीच नाही दाखवलं, मी नुसती दाढी करत बसले. मग त्याने बोट बाराखडीवर नेलं आणि दीड तास लागला. चाकावरचा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, मला वाटत होतं तो म्हणेल मला घेऊन जा. तो म्हणाला घर माझं आहे. मग खुर्ची. मग पाणी, तीन वेळा. मारतं का कोणी हे मी विचारलंच नाही, त्यानेच दाखवलं, दादा, राग, आणि दंडाकडे बघितलं. वहिनीच्या फोटोवर बोट ठेवून "दमते" असं लिहिलं. अंगठ्याचं विचारलं तर नाही वर बोट आपटलं, चार पाच वेळा, पुठ्ठा खाली पडला.

कंबरेखाली लाल झालंय, जखम नाही अजून. तालुक्याच्या डॉक्टरांनी वजन केलं, लघवी तपासली, इन्फेक्शन आहेच, औषध चालू. डॉक्टरांनी वहिनींना समोर बसवून दिवसाला किती पाणी लागतं ते लिहून दिलं. परत आल्यावर वहिनी मोरीपाशी बसून रडल्या, म्हणाल्या मला वाटायचं कमी पाण्याने काही होत नसतं. मी त्यांना दोष दिला नाही, मला तेव्हा द्यावासा वाटलाच नाही.

दादा मात्र बोलत नाहीये माझ्याशी. खुर्ची मी आणि पुतण्याने मिळून माळ्यावरून उतरवली, एक टायर गेलाय. दादाने बघितलं आणि बाहेर निघून गेला. बुधवारी तहसीलला अर्ज दिला, कलम ७ लिहून, भावाच्या अंगठ्यासकट, पोच घेतली. दुय्यम निबंधकांना पण पत्र दिलं. सोमवारी ११ वाजता बोलावलंय, आणि त्याने स्वतः यायचं ठरवलंय, मी नाही म्हटलं नाही.

तहसील पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. विधीमित्र, साहेबांना खाली येऊन ऐकून घ्या असं लेखी सांगता येईल का? आणि सातारा भागात खुर्चीसकट माणूस बसेल अशी व्हॅन किंवा मोठी रिक्षा कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी सकाळी आठपर्यंत गावात यायला हवी.